बाईचा थकवा मोजा, नुसत्या लोहाच्या गोळ्या नकोत!

मंठा तालुक्यातल्या कुठल्याही गावात बायकांची बैठक घ्या आणि थकवा कुणाला येतो ते विचारा. बहुतेक सगळ्यांचे हात वर होतील. म्हणूनच बाईचा थकवा हा आजार ठरत नाही, तो तिचा स्वभाव ठरतो. दवाखान्यात गेलीच, तर लोहाच्या गोळ्या मिळतात. रक्तक्षय घरोघरी असल्याने पुष्कळदा त्या योग्यही असतात. पण याच गर्दीत रक्ताचा कर्करोग लपून राहतो.

रक्तपेशी हाडांच्या मगजात तयार होतात. तिथे बिघडलेल्या पेशी बेसुमार वाढल्या की चांगल्या पेशींना जागा उरत नाही. लाल पेशी घटल्या की धाप लागते. निरोगी पांढऱ्या पेशी घटल्या की ताप वारंवार येतो. प्लेटलेट घटल्या की हिरड्यांतून रक्त येते, मार न लागता काळेनिळे डाग पडतात, पाळीत फार रक्त जाते. मानेत, काखेत न दुखणाऱ्या गाठी, रात्री दरदरून घाम, उतारवयात न थांबणारे हाडांचे दुखणे, याही खुणाच.

शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या हजारो बायकांची गर्भपिशवी काढल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. अंगावरून जास्त जाते म्हटले की पिशवी काढायची, पण रक्ताची साधी तपासणी करायची नाही, ही कुठली रीत? आपली पहिली मागणी तीच हवी: नुसते हिमोग्लोबिन नको, तिन्ही पेशींची मोजणी करा. ही तपासणी स्वस्त आहे. तिने निदान पक्के होत नाही, पण पुढे कुठे जायचे ते कळते.

‘ब्लड कॅन्सर म्हणजे मरण’ हेही आता खरे नाही. एका प्रकारच्या जुनाट ल्युकेमियात इमॅटिनिबच्या रोजच्या गोळीवर माणसे वर्षानुवर्षे कामधंदा करतात. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिस कंपनीला या औषधाचे पेटंट नाकारले, म्हणून ते आपल्याकडे स्वस्तात मिळत राहिले. मात्र या गोळीवर असताना दिवस राहू देण्याआधी डॉक्टरांशी बोललेच पाहिजे, आणि हे बाईला कुणीतरी सांगितले पाहिजे. मुलांमधला तीव्र ल्युकेमिया पुष्कळदा पूर्ण बरा होतो, पण उपचार दोन-अडीच वर्षे चालतात. देशातल्या कर्करोग रुग्णालयांत मुलग्यांच्या मानाने मुली कमी पोचतात. त्या कुठे राहतात, ते आपल्याला ठाऊक आहे.

केमोथेरपीत केस जातात, ते पुन्हा येतात. तोंड येते, त्यासाठी मीठ-सोड्याच्या पाण्याने चुळा भराव्यात. पण ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे. प्रतिकारशक्ती नसलेल्या शरीरात जंतू काही तासांत जीव घेतात. अशा बाईने शेणगोठा करायचा नाही. मग तो कोण करणार? पुरुष आजारी पडला तर बायको उशाशी बसते. बायको आजारी पडली तर तीच चुलीशी बसते. हा प्रश्न औषधाने सुटणारा नाही.

मैत्रिणींनो, उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, मुंबईचे टाटा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. कागद जमवणे, सोबत जाणे, तिच्या घरचे काम वाटून घेणे, एवढे आपल्या गटांना नक्की जमेल. आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रक्ताची पूर्ण मोजणी रोज, मोफत झालीच पाहिजे, यासाठी आपण मिळून उभे राहू या.