अंगणात उजेड हवा, शेजारच्या खिडकीत नको

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर 2015 मध्ये सोडियमचे पिवळे दिवे उतरवून पांढरे एलईडी चढवले गेले आणि चक्क दिव्यांच्या रंगावरून शहरात वाद पेटला. वीज वाचते, रस्ता स्पष्ट दिसतो, असे एका बाजूचे म्हणणे. ‘क्वीन्स नेकलेस’ची सोनेरी झळाळी गेली, हे दुसऱ्या बाजूचे दुःख. राजकीय पक्षही त्यात उतरले आणि पुढे तिथे पुन्हा पिवळसर छटेचे दिवे आले. साडेतीन किलोमीटरच्या रस्त्यासाठी एवढा खल झाला. बंगल्याच्या, रो-हाउसच्या किंवा फार्महाउसच्या बाहेर लावायच्या दिव्यांचा निर्णय मात्र दुकानाच्या काउंटरवर पाच मिनिटांत उरकतो. ‘बाहेर लावायचाय, चांगला लख्ख द्या,’ असे गिऱ्हाईक सांगते, दुकानदार 50 वॉटचा पांढरा फोकस पुढे करतो आणि दुसऱ्या दिवशी वायरमन तो भिंतीवर उंच जागा बघून, तोंड रस्त्याकडे करून ठोकून जातो. त्या रात्रीपासून समोरच्या घरातली माणसे जाड पडदे लावून झोपू लागतात.

घराबाहेरच्या उजेडाबद्दल आपल्याकडे एकच मोजमाप रूढ झाले आहे: जितका जास्त, तितका चांगला. ते मोडायला हवे. बाहेरचा दिवा किती वॉटचा, हा नंतरचा प्रश्न. त्याचा उजेड नेमका कुठे पडणार आणि किती वाजेपर्यंत, हे आधी ठरले पाहिजे.

या उधळपट्टीला स्वस्ताईचा हातभार आहे. केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना जानेवारी 2015 मध्ये सुरू झाली. घाऊक सरकारी खरेदीत एलईडी बल्बची किंमत 2014 मध्ये 310 रुपये होती, ती 2016 मध्ये 38 रुपयांवर आली. देशभरात 36 कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. विजेची बचत खरोखर झाली आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. पण जुना 100 वॉटचा बल्ब जळत राहिला की मीटर पळतो म्हणून घरातली मोठी माणसे रागवायची, तो धाकही याच काळात संपला. ‘एलईडीच आहे, किती वीज खाणार?’ असे म्हणत दिवा रात्रभर चालू ठेवण्याची सवय जडली.

किती खातो, हे मोजता येते. 50 वॉटचे दोन फोकस रोज बारा तास चालले तर वर्षाला 438 युनिट होतात. त्याऐवजी फाटक, पायरी, पायवाट आणि पार्किंग अशा चार ठिकाणी पाच-पाच वॉटचे दिवे संध्याकाळी सातपासून अकरापर्यंत लावले, तर वर्षाचा हिशेब 29 युनिटांच्या आसपास येतो. दहा रुपये युनिट धरले तर चार हजारांचा फरक पडतो, आणि पाय ठेवायची जागा या लहान दिव्यांतच जास्त नीट दिसते.

याचे कारण डोळ्यांत आहे. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. एक झगझगीत झोत ती सगळी तयारी क्षणात घालवतो. पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड अर्ध्या लक्सपेक्षाही कमी असतो, तरी शेताच्या बांधावरून माणूस त्यात सहज चालतो. उलट फोकसच्या झोतात उभे राहिले की कुंपणापलीकडची सावली काळीकुट्ट होते. तिथे कोण उभे आहे, ते घरमालकाला दिसत नाही. त्या सावलीतल्या माणसाला मात्र घरमालक स्वच्छ दिसतो.

इथे सुरक्षिततेचा मुद्दा येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना, रात्रपाळीहून परतणाऱ्या मुलींना उजेडाचा आधार वाटतो. न्यूयॉर्कमधल्या सार्वजनिक गृहसंकुलांत 2016 मध्ये उंच तात्पुरते दिवे लावून प्रयोग झाला, तेव्हा रात्री घराबाहेर होणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटले. दुसरीकडे, इंग्लंड आणि वेल्समधल्या 62 स्थानिक संस्थांच्या क्षेत्रांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे रस्त्यावरचे दिवे मंद केले, काही ठिकाणी मध्यरात्रीनंतर बंदच केले, तरी गुन्हे किंवा अपघात वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे दिव्यांनी गुन्हे कमी होतातच किंवा होतच नाहीत, असे सरसकट म्हणता येत नाही. जागा कोणती, तिथे माणसांची वर्दळ किती, यावर ते ठरते. बंगल्याच्या मागच्या बोळात, जिथे रात्री कोणी बघणाराच नाही, तिथे अखंड जळणारा फोकस कुलूप तोडणाऱ्याचीही सोय करतो. माणसाच्या शरीराची उष्णता टिपून पेटणारा सेन्सरचा दिवा अशा जागी जास्त उपयोगी: अंधारात अचानक लागलेला दिवा शेजाऱ्यांचेही लक्ष वेधतो. सेन्सरचा कोन तेवढा कमी ठेवावा लागतो, नाहीतर प्रत्येक मांजर आणि रस्त्यावरची प्रत्येक रिक्षा तो पेटवत राहते.

रंगाचे गणित खोक्यावर छापलेले असते, पण वाचतो कोण? 2700 किंवा 3000 केल्विन म्हणजे पिवळसर, 6500 केल्विन म्हणजे निळसर पांढरा. बहुतेक पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळा एलईडी असतो आणि त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे उजेड पांढरा दिसतो. या निळ्या एलईडीच्या शोधासाठीच 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना मिळाले. केल्विनचा आकडा जितका मोठा, तितका निळा भाग अधिक. निळा प्रकाश हवेत जास्त विखुरतो, आकाश उजळवतो, कीटकांना अधिक खेचतो आणि झोपेची वेळ सांगणाऱ्या मेलाटोनिनची निर्मिती रोखून धरतो. म्हणून घराबाहेर 3000 केल्विनच्या वर जाण्याचे कारण फारसे उरत नाही. फ्रान्सने डिसेंबर 2018 च्या सरकारी आदेशात बाहेरच्या अनेक प्रकारच्या दिव्यांसाठी हीच मर्यादा घातली आहे.

बागेत तर या पांढऱ्या झोतांनी उलटाच कारभार चालवला आहे. रातराणी, निशिगंध, मोगरा हौसेने लावायचे आणि त्यांच्याच बुंध्याशी वर तोंड करून दिवा रोवायचा! रात्री फुलणारी ही पांढरी, सुवासिक फुले पतंगांना बोलावण्यासाठी असतात. त्यांचा गंध आणि त्यांचा रंग अंधाराच्या हिशेबाने घडलेला आहे. स्वित्झर्लंडमधल्या कुरणांत दिवे लावून केलेला एक अभ्यास 2017 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. उजेडातल्या झाडांकडे रात्रीच्या परागवाहक कीटकांच्या फेऱ्या 62 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. तपासलेल्या एका वनस्पतीची फळधारणाही घटली, आणि दिवसा येणाऱ्या मधमाश्यांना ती तूट भरून काढता आली नाही. दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडे उजेडावर भाळलेले असतात, ही समजूतही आता जुनी झाली. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या आणि फ्लोरिडातल्या संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी केलेले चित्रण जानेवारी 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. उडताना कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतात, कारण निसर्गात उजेडाची बाजू म्हणजे वरची बाजू. दिवा शेजारी आला की त्यांचे वर-खालीच बिघडते आणि ते तिथेच गोल गोल अडकतात. दाराशी किडे जमले की पाली आणि बेडूक येतात, आणि बेडकांच्या मागावर कधी सापही येतो. दारासमोर लख्ख उजेड ठेवून साप टाळू पाहणाऱ्यांनी एवढी साखळी ध्यानात ठेवावी.

झाडांना दिव्यांच्या माळा गुंडाळण्याची टूम तर शहरांनीच शिकवली. सुशोभीकरणाच्या नावाखाली रस्त्याकडेची झाडे बुंध्यापासून फांद्यांपर्यंत उजळली गेली. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली आणि 2024 मध्ये न्यायालयाने सरकारकडे व महापालिकांकडे उत्तर मागितले. सणासुदीच्या दिव्यांवर कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. दिवाळीचा आकाशकंदील, त्रिपुरी पौर्णिमेची दीपमाळ, तुळशीच्या लग्नातल्या पणत्या यांना तिथी असते आणि तिथी सरली की ते उतरतात. आंब्याला खिळे ठोकून अडकवलेली चिनी माळ मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत तशीच लुकलुकत असते.

कोकणात आणि सह्याद्रीत हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. वेळास, आंजर्ले, गोव्यातले मोरजी आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. वाळूतून बाहेर पडलेली पिल्ले क्षितिजाच्या उजळ बाजूकडे धावतात. पूर्वी ती बाजू समुद्राचीच असे. किनाऱ्यालगतच्या होमस्टेने गच्चीवर फोकस लावला की पिल्ले जमिनीकडे वळू शकतात. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची इथे काजवे बघायला गर्दी लोटते. काजव्याचा नर लुकलुकतो आणि मादी त्याला उत्तर देते. या खुणांवरच त्यांचे मीलन ठरते. पांढऱ्या उजेडात त्या खुणा हरवतात. काजव्यांच्या नावावर पाहुणे बोलावणाऱ्या रिसॉर्टने आवारात रात्रभर फोकस जाळणे म्हणजे ज्या फांदीवर बसायचे तीच तोडणे.

उजेडाची दिशा ठरली की मग टिकाऊपणाकडे वळावे. ‘वॉटरप्रूफ आहे’ या दुकानदाराच्या आश्वासनापेक्षा दिव्यावरचा आयपीचा आकडा वाचावा. त्यातला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. व्हरांड्याच्या छपराखाली आयपी 44 चालतो; उघड्या भिंतीवर पावसाची झड बसते तिथे आयपी 65 हवा; जमिनीत बसवायच्या दिव्याभोवती पाणी साचते, म्हणून तिथे किमान आयपी 67. खाऱ्या वाऱ्यात साधे लोखंडी स्क्रू लवकर गंजतात, म्हणून किनाऱ्यावर चांगल्या प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे. सौर दिवे पायवाटेच्या कडेला खुणेपुरते ठीक; पण आभाळ आठ-आठ दिवस झाकलेले असते त्या जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्यावर विसंबून पायऱ्या उतरू नयेत.

पावसाळ्यात दिव्यापेक्षा वायर जास्त दगा देते. बागेतून उघडी नेलेली आणि काळी टेप गुंडाळून जोडलेली वायर ओल्या मातीत जिवावर बेतू शकते. वायर पाइपातून न्यावी, जोड बंद डब्यात घ्यावेत, अर्थिंग तपासून घ्यावे आणि बाहेरच्या सर्किटला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. विजेची गळती होताच तो पुरवठा तोडतो. बागेत 12 किंवा 24 व्होल्टचे दिवे घेतले तर कुदळीचा घाव वायरवर बसला तरी धोका बराच कमी असतो.

हे सगळे एखाद्या घराने एकट्याने केले तर काय फरक पडेल, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर नागपूर जिल्ह्यात आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातल्या पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला. त्यासाठी वाघोली, सिल्लारी, पिपरिया, खापा या परिसरातल्या गावांचे शंभराहून अधिक दिवे बदलून त्यांची तोंडे जमिनीकडे वळवली गेली. गावे अंधारात बुडाली नाहीत; वर वाया जाणारा उजेड तेवढा खाली आला. लडाखमधल्या हानले इथेही वेधशाळेच्या भोवतालचे आकाश राखण्यात गावकऱ्यांचा वाटा आहे.

शहरांना एवढा काळोख परवडणार नाही, पण नियम परवडतील. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले आणि रात्री दहा ही वेळ लोकांच्या अंगवळणी पडली. प्रकाशासाठी असा देशव्यापी कायदा अजून नाही. तो येईपर्यंत गृहनिर्माण संस्थांना सर्वसाधारण सभेत ठराव करता येईल: शोभेचे दिवे दहाला बंद, गरजेचे दिवे झाकलेले आणि खाली तोंड केलेले, मागच्या बाजूला सेन्सर. महापालिकांनी भोगवटा प्रमाणपत्र देताना बाहेरच्या दिव्यांची हीच अट घातली तर बिल्डर पहिल्या दिवसापासून योग्य दिवे बसवतील. आणि ज्यांना आत्ताच दिवे बसवायचे आहेत त्यांनी वायरमनला दुपारी न बोलावता दिवेलागणीला बोलवावे. दिवा लावून एकदा फाटकाबाहेर आणि एकदा शेजाऱ्यांच्या ओट्यावर उभे राहून बघावे. बल्ब थेट डोळ्यांत येत असेल तर कोन तेव्हाच बदलून घ्यावा. शिडी लावलेलीच असते.