नकाशात नसलेली जमीन

घर बांधू इच्छिणारा मनुष्य विटा किंवा सिमेंट घेण्यापूर्वी पुष्कळदा एक तयार नकाशा विकत घेतो. अशा नकाशात खोल्या, जिना, स्वयंपाकघर यांची मांडणी सुबक असते. परंतु ज्या जमिनीवर ते घर उभे राहावयाचे, तिचा त्यात उल्लेखही नसतो. आणि घरापायी आयुष्याची पुंजी खर्ची पडत असल्याने ही उणीव क्षुल्लक मानता येत नाही.

दख्खनपासून माळव्यापर्यंत पसरलेली काळी जमीनच पाहा. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज पाणी शोषून फुगते व वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा शेतकऱ्याच्या मुलाला दाखवाव्या लागत नाहीत. अशा मातीत उथळ पाया घातला, तर तो पावसाळ्यात उचलला जातो आणि वैशाखात खचतो. तेही सर्वत्र सारखे नव्हे. बाहेरील भिंतींखालची माती लवकर भिजते व लवकर सुकते, घराच्या मध्याखालची मागे राहते. मग खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपे तडे जातात. मालक गवंड्याला बोल लावतो. त्या बिचाऱ्याने तर नकाशाबरहुकूमच काम केलेले असते! रुडकी येथील केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने या जमिनीसाठी तळाशी कंदासारखे फुगीर असणारे काँक्रीटचे खांब प्रचारात आणले. ऋतूप्रमाणे ओलावा बदलणाऱ्या थराच्या खाली, सामान्यतः सुमारे ३.५ मीटर खोल, ते रोवले म्हणजे वरची माती फुगली तरी उपटले जात नाहीत. कोकणातील जांभ्याच्या कातळावर मात्र हाच खर्च व्यर्थ होय.

सूर्याचेही तसेच. दिल्लीस २१ जूनला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ८५ अंशांवर, तर २१ डिसेंबरला सुमारे ३८ अंशांवर असतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवरील छज्जा उन्हाळ्यात ऊन अडवतो व थंडीत आत येऊ देतो. तिरुवनंतपुरम येथे जूनमध्ये माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो! शिवाय रस्त्याच्या सोयीसाठी नकाशा फिरवला की निजावयाची खोली कित्येकदा पश्चिमेस जाते, आणि तापलेली भिंत रात्रीपर्यंत निवत नाही.

भूकंपाचा धोका, पुराची पातळी, शोषखड्डा व विहीर यांतील अंतर याही गोष्टी जागेवरच ठरतात. यास्तव नकाशा निवडण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी खड्डे खणून माती तपासून घ्यावी. शेजारच्या जुन्या घरांच्या भिंती उन्हाळ्याअखेर पाहून याव्यात. नकाशे छापणाऱ्यांनीही पहिले पान कोरे सोडावे. मातीचे थर, उत्तर दिशा, पाण्याची पातळी यांची नोंद त्यावर झाल्यावाचून कोणत्याही स्थापत्यतज्ज्ञाने पायाची खोली लिहून देऊ नये.