तांब्याचा डबा आणि एक लाख वर्षं

तांब्याचं भांडं घासलं नाही तर काळं पडतं, त्यात आंबट ठेवलं तर कळकतं, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. स्वीडन मात्र अणुभट्ट्यांमधलं वापरलेलं इंधन तांब्याच्याच डब्यांत भरून पुरणार आहे, तेही एक लाख वर्षांसाठी! मी राहतो त्या स्टॉकहोमच्या उत्तरेला, फोर्समार्क इथे.

योजना अशी: पाच सेंटिमीटर जाड तांबं, आत ओतीव लोखंड, भोवती बेंटोनाइट माती आणि हे सगळं सुमारे ५०० मीटर खोल खडकात. तिथल्या पाण्यात ऑक्सिजन नसतो, त्यामुळे तांबं फारसं झिजणार नाही, असा हिशेब. पण पाण्यातलं सल्फाइड तांब्याला खातं. त्यातच इथल्या केटीएच विद्यापीठातल्या काही संशोधकांनी ऑक्सिजन नसलेल्या शुद्ध पाण्यातही तांबं गंजतं, असा दावा केला.

पुढे जे झालं ते मला डब्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. २०१७ मध्ये पर्यावरण न्यायालयात या शंकांवर जाहीर सुनावणी झाली. डब्याची खात्री पटल्याशिवाय परवानगी देऊ नका, असं न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये सरकारला कळवलं. कंपनीला पुन्हा पुरावे द्यावे लागले. नकाराधिकार असलेल्या स्थानिक नगरपालिकेने २०२० मध्ये होकार दिला आणि सरकारने जानेवारी २०२२ मध्ये.

माझ्या मते परवानगी योग्यच आहे. कचरा तयार झालेलाच आहे; तो पाण्याच्या टाक्यांत ठेवून नातवंडांवर ढकलणं हे काही उत्तर नव्हे. पण आम्ही सॉफ्टवेअरवाले चूक सापडली की रात्रीत पॅच टाकून मोकळे होतो. पुरलेल्या डब्याला पॅच नसतो. म्हणून परवानगी मिळाली तरी तांब्याच्या चाचण्या थांबता कामा नयेत आणि शंका काढणाऱ्याला विकासाचा शत्रू ठरवणं तर मुळीच परवडणारं नाही.

भारताचा मार्ग वेगळा आहे. वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया होते, उरलेला तीव्र किरणोत्सारी कचरा काचेत मुरवून स्टेनलेस स्टीलच्या डब्यांत भरतात. आपल्या तारापूरलाही हे काम झालं आहे. पण डबा कुठलाही असो, प्रश्न तोच. जैतापूरचा विषय निघाला की जमीन, मासेमारी आणि मोबदल्याबरोबर हेही विचारायला हवं: कचरा शेवटी कुठे जाणार, डबा किती वर्षं टिकणार आणि तो टिकणार नाही असं कुणी म्हणालं, तर त्याचं ऐकून घेणार कोण?