नळी झोपडीतली, काडतूस कोणाचे?

बिहारमधील मुंगेरच्या एखाद्या खेड्यात, किंवा जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील उमर्टीत पोलिसांचा छापा पडला, की भांडवली वृत्तपत्रांच्या उत्साहाला भरते येते. ओळीने मांडलेली पिस्तुले, मोडलेल्या भट्ट्या आणि तोंडावर फडके बांधून उभे केलेले चार-सहा कारागीर यांचे छायाचित्र छापले जाते. त्याखाली निष्कर्ष ठरलेला असतो: ही गावेच गुन्हेगारांची! नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी उमर्टीवर मोठा छापा घातला, तेव्हाही हेच घडले. छापा घालू नये असे आमचे म्हणणे नाही. पण ज्या व्यापाराने देशातील अशांत प्रदेशांत रक्ताचे पाट वाहिले, त्याचे मूळ भट्टीच्या राखेत शोधणे म्हणजे मूळ सापडू नये याचीच तजवीज करणे होय.

मुंगेरचा कारागीर आकाशातून पडलेला नाही. मीर कासीमने १७६२ च्या सुमारास आपली राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला हलवली आणि इंग्रजांशी टक्कर देण्यासाठी तेथे शस्त्रशाळा उभारली. १७६४ मध्ये बक्सरला नवाब हरला. कसब मात्र हातांत राहिले. १८७८ च्या शस्त्र कायद्याने साम्राज्यशाहीने हिंदी जनतेला निःशस्त्र केले आणि युरोपियनांना त्यातून मोकळे ठेवले. स्वातंत्र्यानंतर मुंगेरच्या बंदूक कारखान्यातील परवानाधारक मालकांना एकनळी व दुनळी बंदुका बनवण्याची मुभा राहिली. पुढे त्या बंदुकांची मागणी आटली, काम थंडावले आणि पिढीजात कसबाचे कारागीर रस्त्यावर आले. उमर्टीच्या शिकलगारांची कथाही निराळी नाही. हत्यारांना धार लावण्यावर व ती घडवण्यावर जगणाऱ्या या जमातीला दुसरा रोजगार कोणी दिला? २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्रनिर्मितीची किमान शिक्षा सात वर्षांवर नेली आणि कमाल शिक्षा जन्मठेप केली. शिक्षा वाढली, पण रोजगार वाढला नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. कट्ट्याची नळी ट्रकच्या स्टिअरिंगच्या दांड्यातून निघते. चाप आणि घोडा कानशीने घासून बसवता येतो. ही कामे झोपडीत होतात. काडतुसाचे तसे नाही. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी आघाताने पेटणारी टोपी आणि मोजून भरलेली बिनधुराची दारू हे यंत्रशाळेचे काम आहे. उत्तर प्रदेश व बिहारमधील फौजदारी खटल्यांची निकालपत्रे चाळली, तर ३१५ बोअरच्या कट्ट्यासोबत जप्त झालेल्या काडतुसांवर एक खूण वारंवार आढळते: ‘के. एफ. ८ एमएम’. ही खूण आहे पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची. सरकारी मालकीच्या कारखान्याची!

यात खडकीच्या कामगाराचा काडीइतकाही दोष नाही. तो माल कायदेशीररीत्या बनवतो आणि तो माल परवानाधारक विक्रेत्याकडे कायदेशीररीत्या जातो. तेथून पुढे, वहीत परवानाधारकाच्या नावे खोटी नोंद होते आणि काडतूस काळ्या बाजारात उतरते. म्हणजे बेकायदा बंदुकीचा प्राण कायदेशीर दुकानाच्या फडताळात असतो. त्या वह्या तपासण्याचा अधिकार सरकारकडे आहे. मग छापे नेहमी भट्टीवर आणि क्वचितच वहीवर का पडतात? कारण भट्टीपाशी निर्धन कारागीर बसतो आणि वहीपाशी व्यापारी, दलाल व त्यांचे राजकीय पाठीराखे बसतात!

सरकारी भांडारेही यातून सुटलेली नाहीत. एप्रिल २०१० च्या आरंभी दंतेवाड्यात ७६ जवान मारले गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस उत्तर प्रदेशातील रामपूर येथे काडतुसे विकणारी टोळी पकडली गेली. तीत केंद्रीय राखीव पोलिस दलाचे व राज्य पोलिसांचे कर्मचारी होते. २४ जणांना शिक्षा होण्यास ऑक्टोबर २०२३ उजाडावे लागले. २०१८ मध्ये मुंगेरजवळच्या बरदह गावात एका विहिरीतून एके-४७ रायफली बाहेर काढल्या गेल्या. तपासाचा धागा जबलपूरच्या लष्करी आयुधभांडारापर्यंत पोहोचला. मे २०२३ पासून पेटलेल्या मणिपुरात नळ्यांपासून घडवलेल्या ‘पुम्पी’ नावाच्या गावठी तोफा दिसल्या. पण त्यांच्या जोडीला सुमारे सहा हजार शस्त्रे होती आणि ती पोलिसांच्या शस्त्रागारांतून लुटली गेली होती. त्यांचा हिशेब कोणत्या लोहाराकडून मागणार?

येथे काही दुस्साहसवादी मंडळी पुढे येतात. त्यांचे म्हणणे असे की, बाजार काळा का असेना, गरिबाच्या हाती बंदूक आली तर सत्तेचा तोल बदलेल. हा भ्रम आहे, आणि त्याची किंमत भूमिहीनांनी मोजली आहे. बाजार काळा असो वा पांढरा, तेथे माल मिळतो तो पैसेवाल्याला. मध्य बिहारमध्ये जमीनदारांच्या रणवीर सेनेकडे परवान्याच्या बंदुका होत्या आणि बिनपरवान्याच्याही. ११ जुलै १९९६ रोजी बथानी टोल्यात २१ आणि १ डिसेंबर १९९७ रोजी लक्ष्मणपूर-बाथे येथे ५८ माणसे मारली गेली. त्यांत स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने होती. बाथेच्या खटल्यातील सर्व २६ आरोपींना पाटणा उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये निर्दोष सोडले. बंदुकांच्या या बाजाराने कोणाला बळ दिले, हे यावरून स्पष्ट व्हावे.

म्हणून मागण्याही स्पष्ट हव्यात. प्रत्येक काडतुसाची कारखान्यापासून ग्राहकापर्यंतची नोंद जुळवून पाहिली जावी आणि विक्रेत्यांच्या वह्यांची तपासणी सक्तीने व्हावी. लष्कराच्या व पोलिसांच्या भांडारांतील गळतीचा अहवाल संसदेपुढे व विधिमंडळांपुढे यावा. ऐपतदारांना खैरातीसारख्या वाटलेल्या परवान्यांची फेरतपासणी व्हावी. मुंगेरच्या व उमर्टीच्या कारागिरांना त्यांच्या कसबाला साजेसे यंत्रकाम सरकारी उद्योगांत मिळावे. ज्या हातांना नळीची भोके अचूक पाडता येतात, त्या हातांना पंपाचे व ट्रॅक्टरचे सुटे भाग घडवता येणार नाहीत, असे कोण म्हणेल?

हे होत नाही तोवर दर वर्षी भट्ट्या मोडल्या जातील आणि दर वर्षी त्या पुन्हा पेटतील. यापुढे छाप्याची बातमी वाचताना कॉम्रेडांनी एकच प्रश्न विचारावा आणि तो सभांतून व कायदेमंडळांतून विचारत राहावे: पिस्तूल सापडले, ठीक, त्यातले काडतूस कोणी विकले?