वॉटर पार्क निवडताना

मे महिन्याची सुट्टी लागली की चार दिवसांत मुलांचा घोषा सुरू होतो, "आई, वॉटर पार्कला जाऊ या ना!" १९९८ साली गोराईला 'वॉटर किंगडम' सुरू झालं, तेव्हा अशा सहलीचं केवढं अप्रूप होतं! आता कल्याण-डोंबिवलीकडच्या कुटुंबांना तेवढं लांब जायला नको. शहापूर-मुरबाडच्या बाजूला रिसॉर्टच्या आवारातच तलाव नि घसरगुंड्या झाल्या आहेत. शहापूरसाठी कसाऱ्याच्या गाडीने आसनगावला उतरायचं आणि रिक्षा करायची. मुरबाडला कल्याणहून एसटी आहेच. सकाळी निघालं की दिवेलागणीला घरी! पण जवळ आहे, स्वस्त आहे, जाहिरातीतली घसरगुंडी उंच आहे, एवढ्यावर पार्क ठरवू नका हं.

आपल्या मंडळींत सर्वांत लहान कोण आणि सर्वांत थोर कोण, ते आधी पाहा. लहानग्यांसाठी गुडघाभर पाण्याचा वेगळा तलाव हवा. मोठ्या घसरगुंड्यांना उंचीची अट असते, म्हणून मुलांची उंची घरीच मोजून ठेवा. तिथे गेल्यावर रडारड नको. दिवस गेलेल्या बाईने, रक्तदाब, हृदयविकार किंवा पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी घसरगुंडीच्या वाटेला जाऊ नये. सासूबाईंसाठी सावली आणि पंखा आहे का, हेही फोनवरच विचारावं. हा भाग समुद्रापासून आत. दुपारची फरशी अशी तापते की पाय ठेववत नाही.

आता पाण्याविषयी. "आम्ही रोज पाणी बदलतो" असं कुणी कौतुकाने सांगितलं, तर भुलू नका. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. तिथे एवढा मोठा तलाव रोज उपसून रोज भरायचा कुठून? पाणी सतत गाळून, क्लोरीन घालून पुन्हा वापरतात, हेच खरं चांगलं उत्तर. आपल्याला पारख सोपी आहे. तळाच्या फरश्या काठावरून स्वच्छ दिसल्या पाहिजेत. पाणी गढूळ, कडा बुळबुळीत, तर मुलांना आत सोडू नका. औषधाचा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ, ही समजूतही चुकीची. घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळली की तो वास जास्त येतो. म्हणून आपणही उतरण्याआधी साध्या पाण्याने अंग धुवावं, मुलांना शू करवून आणावी, आणि कुणाला जुलाब होत असतील तर सहल सरळ पुढे ढकलावी.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नजर. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, हात हलवत नाही. गुपचूप खाली जातं. हवा भरलेल्या ट्यूबवर आणि दंडावरच्या फुग्यांवर विसंबू नका. काठावर जीवरक्षक असलाच पाहिजे, पण त्याचे डोळे शंभर मुलांवर असतात. आपली दोन मुलं आपणच सांभाळायची. "सगळे बघताहेत" म्हणजे कुणीच बघत नाही, असं होतं. तेव्हा अर्ध्या अर्ध्या तासाची पाळी लावा. ज्याची पाळी त्याने ना गप्पा मारायच्या, ना मोबाइल बघायचा. लहानगं हाताच्या अंतरावर ठेवायचं.

तिकिटाचे पैसे वाचवायला धरणाच्या किंवा नदीच्या काठी मुलांना घेऊन उतरण्याचा विचार मात्र कुणी काढला, तर खंबीरपणे नाही म्हणा. तिथे दोन पावलांवर तळ एकदम खोल जातो, गाळात पाय रुततो आणि हाकेला धावणारं कुणी नसतं.

निघताना एवढं लक्षात ठेवा :
• पोहण्याला नायलॉनचे कपडेच चालतात. भाड्याने मिळतात का आणि अनामत किती, ते विचारा.
• घरचा डबा आत नेऊ देतात का, हेही विचारा. नसतील देत तर दशम्या-चटणी वाटेतच खाऊन घ्यावी.
• पाण्यात असलं तरी तहान लागते. कोकम सरबत किंवा मीठ-साखरेचं पाणी मधूनमधून द्यावं.
• केसांना खोबरेल लावून घट्ट वेणी घालावी, मोकळे सोडू नयेत.
• दागिने घरीच ठेवावेत.

आणि हो, पाळी लावताना ह्यांचंही नाव घाला! पिशव्या, टॉवेल नि चपला राखत दिवसभर काठावर बसायला तुम्ही तिकीट काढलेलं नाही. त्यांची पाळी सुरू झाली की पदर खोचून—छे, नायलॉनचा पोशाख घालून—तुम्हीही खुशाल पाण्यात उतरा.