भाष्यकारांसाठी एक सनद: निंटेंडोच्या अध्यक्षांस अनावृत पत्र

मा. श्री. शुंतारो फुरुकावा,
अध्यक्ष, निंटेंडो कंपनी, क्योतो, यांसी,



१८८९ साली क्योतो नगरीत हानाफुदा नावाचे हाताने बनविलेले पत्ते विकण्यापासून ज्या पेढीचा आरंभ झाला आणि पुढे शंभर वर्षांच्या आत जिच्या खेळांनी देशोदेशींच्या मुलांच्या संध्याकाळी व्यापून टाकल्या, त्या पेढीच्या प्रमुखास, तिच्याशी कसलाही व्यावहारिक संबंध नसलेल्या एका मराठी माणसाने जाहीर पत्र लिहावे, याला कारणही तसेच आहे. गेली पंचवीस वर्षे निरनिराळ्या देशांत विखुरलेली, बहुधा एकमेकांची खरी नावेही ठाऊक नसलेली माणसे आपल्या जुन्या मारिओ-खेळांवर, एका पैचीही अपेक्षा न ठेवता, नव्या लेव्हल रचीत आली आहेत. त्यांच्या या रचनांना ‘रॉम हॅक’ म्हणतात. आणि या सर्व उद्योगावर आपल्या कायदेशीर खात्याच्या नोटिशीची तलवार अहोरात्र टांगलेली असते. ती उतरवून तिच्या जागी आपण एक लेखी सनद द्यावी, एवढीच माझी मागणी आहे. तथापि मागणीपूर्वी तिची सविस्तर कैफियत मांडणे मला आवश्यक वाटते.

हे लोक एकमेकांना नेमके काय देतात, ते प्रथम पाहिले पाहिजे. ते आपला खेळ देत नाहीत. देतात तो पॅच, म्हणजे मूळ खेळ आणि फेरफार केलेला खेळ यांतील केवळ फरकाची नोंदवही. अशा नोंदवह्यांचा जुना आणि सर्वत्र रूढ प्रकार आयपीएस या नावाने ओळखला जातो. फाइलीच्या तोंडाशी ‘पॅच’ या इंग्रजी शब्दाची पाच अक्षरे असतात. त्यानंतर एकामागून एक नोंदी लागतात. प्रत्येक नोंदीत आधी तीन बाइटांत ठिकाण, म्हणजे मूळ खेळाच्या साठ्यात कितव्या जागी बदल करावयाचा तो आकडा, मग दोन बाइटांत लांबी, आणि मग तेवढ्याच लांबीचा नवा मजकूर. शेवटी समाप्तीची तीन अक्षरे. तीन बाइटांच्या आकड्यामुळे ही पद्धत सोळा मेगाबाइटांपलीकडे पोहोचत नाही. परंतु १९९० साली सुपर फॅमिकॉम यंत्रासोबत निघालेला आपला ‘सुपर मारिओ वर्ल्ड’ अवघ्या ५१२ किलोबाइटांचा आणि १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ तर ४० किलोबाइटांचा, तेव्हा ही मर्यादा त्यांना कधी जाणवलीच नाही. या जुन्या पद्धतीत एक वैगुण्य मात्र होते. मूळ खेळातील मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविला तर तो हललेला मजकूर पॅचमध्ये जसाच्या तसा उतरत असे. या लोकांनी पुढे बीपीएस नावाची अधिक काटेकोर पद्धत स्वीकारली. तीत असा मजकूर न उतरवता ‘मूळ प्रतीतील अमुक जागेवरून इतके उचलावे’ एवढीच आज्ञा लिहिता येते, शिवाय मूळ प्रतीची पडताळणी-संख्या पॅचमध्येच नोंदलेली असते, आणि हाताशी असलेली प्रत तिच्याशी जुळली नाही तर पॅच लागत नाही. ज्याच्यापाशी मूळ खेळ नाही त्याला अशा फाइलीत ना मारिओ दिसेल, ना आपले संगीतकार कोजी कोंदो यांची चाल ऐकू येईल.

मराठी वाचकाला ही रचना अपरिचित नाही. आमच्या वाङ्मयाचा पाया ज्या ग्रंथाने घातला ती ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीका होय; मूळ श्लोकाला धक्का न लावता त्याच्या शेजारी ती आपल्या स्वतंत्र वैभवाने उभी आहे. पुढे त्याच ज्ञानेश्वरीत इतरांच्या ओव्या मिसळू लागल्या तेव्हा १५८४ साली एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी आपली भर घालू नये अशी ताकीद दिली. प्रक्षेप मूळ संहितेत लपून बसतो आणि मूळ कोणते तेच कळेनासे करतो. टीका मात्र मूळ ग्रंथ वाचकाच्या हाती आहे असे गृहीत धरूनच बोलू लागते. पॅच हा जन्मतः टीकेच्या जातीचा आहे, आणि तो प्रक्षेप समजला जात असल्यामुळेच आजवरचा सारा गैरसमज उत्पन्न झाला आहे असे माझे मत आहे.

प्रक्षेप कसा असतो हे आम्ही जवळून पाहिले आहे. १९९० नंतरच्या दशकात महाराष्ट्राच्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांत मारिओ आला तो आपल्या नावाने आला नाही. आपल्या यंत्राच्या नकला दुकानांत मिळत, त्यांत घालायच्या कार्ट्रिजला आम्ही मुले ‘कॅसेट’ म्हणत असू, आणि तिच्यावर लाखोंनी खेळ असल्याचा आकडा छापलेला असे. यादी उलगडावी तर तेच दहा-बारा खेळ कुठे चौथ्या लेव्हलपासून सुरू होणारे, कुठे रंग बदललेले, दर ओळीला नवे नाव धारण करून पुन्हा पुन्हा येत. मूळ खेळ कोणता, तो कोणी रचला, शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका या नावांची माणसे कोठे आहेत, यांपैकी काहीही त्या कॅसेटीवरून कळण्याची सोय नव्हती. आजही पॅच लावलेला खेळ कॅसेटीत भरून बाजारात विकणारे व्यापारी आहेत. त्यांच्यावर आपण खुशाल कारवाई करावी. पॅच रचणारेच त्यांचा सर्वाधिक तिटकारा करतात.

आता या टीकाकारांची योग्यता. २००० साली टोपणनावाने वावरणाऱ्या एका व्यक्तीने ‘लूनर मॅजिक’ नावाचे साधन प्रसिद्ध केले. आपल्या कचेरीतील एकही कागद हाती नसताना, ‘सुपर मारिओ वर्ल्ड’च्या साठ्यातील आकड्यांची आवळलेली गाठ केवळ निरीक्षणाने सोडवून, लेव्हल पडद्यावर मांडण्याची आणि बदलण्याची सोय त्याने सर्वांना करून दिली, आणि नंतर वीस वर्षांहून अधिक काळ तो ते साधन सुधारीत राहिला. २००७ च्या सुमारास जपानमधीलच एका खेळाडूने आपल्या मित्राने खेळावा म्हणून एक अतिकठीण आवृत्ती रचली आणि तिच्यापासून ‘कायझो’ नावाचा संप्रदाय निघाला. त्याच्या आरंभीच्या रचनांत क्रौर्य होते हे मान्य केले पाहिजे: सुरक्षित दिसणाऱ्या उडीच्या मार्गात अदृश्य ठोकळा असे आणि त्यावर डोके आपटून मारिओ खड्ड्यात पडे, अंतिम रेषा ओलांडल्यावर, विजयाची धून वाजत असतानाही, तो मरू शके. परंतु पुढच्या पिढीतील अनेक रचनाकारांनी ही फसवणूक त्यागून कौशल्याचा एक नवा मार्ग शोधला. त्यातील एकच कृती सांगतो. मारिओ कासवाचे कवच हाती घेऊन भिंतीच्या दिशेने उडी घेतो, अधांतरीच ते भिंतीवर फेकतो, आणि भिंतीवर आदळून परतणाऱ्या त्या कवचावर, ते पायाखालून निसटण्यापूर्वी, पाय देऊन दुसरी उडी साधतो. जेथे पायरी नाही तेथे त्याने स्वतःची पायरी निर्माण केलेली असते, आणि हा सारा व्यवहार सेकंदाच्या साठाव्या भागांत मोजावा लागतो. मूळ रचनाकारांनी आपल्या लेव्हलींत ही उडी कोठेही मागितलेली नाही. पण ती शक्य करणारे नियम, कवचाचा वेग, परतीचा कोन, पावलाची उसळी, हे सर्व त्यांचेच आहेत. मूळ कृतीच्या पोटात दडलेले सामर्थ्य तिच्या कर्त्यानंतर दुसऱ्याने प्रकट करावे, याहून मोठा सन्मान कोणत्या कर्त्याला मिळणार?

आणि हा मार्ग आपल्याच पेढीने घालून दिलेला आहे. १९८६ च्या जूनमध्ये आपण डिस्क सिस्टिम या आपल्या यंत्रावर ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ काढला, तो पहिल्याच खेळाच्या सांगाड्यावर रचलेला होता; त्यात विषारी अळंबे होते, उडी चुकविणारा वारा होता, पुढे नेण्याऐवजी मागच्या जगात परत ढकलणारे मार्ग होते. कायझोवाल्यांचे मूळपीठ शोधू जावे तर ते येथे सापडते. त्याच वर्षाच्या अखेरीस जपानी रेडिओवरील ‘ऑल नाइट निप्पोन’ या कार्यक्रमासाठी पहिल्या मारिओची एक खास आवृत्ती निघाली, तीत शत्रूंच्या चेहऱ्यांच्या जागी त्या कार्यक्रमातील माणसांचे चेहरे बसविले होते. आणि १९८७ साली फुजी टीव्हीच्या उत्सवानिमित्त काढलेला ‘डोकी डोकी पॅनिक’ हा सर्वस्वी निराळा खेळ घेऊन, त्यातील कुटुंबाच्या जागी मारिओ, लुइजी, टोड आणि राजकन्या बसवून आपण तो १९८८ साली अमेरिकेत मारिओचा दुसरा भाग म्हणून विकला. मुखवटा घातलेले ते शाय गाय आज मारिओच्या जगाचे जुने रहिवासी समजले जातात. ते या फेरफाराच्या दारातून आत आले.

हे दार बाहेरच्यांना मात्र बंद राहिले. १९९० च्या सप्टेंबरात अमेरिकेतील लुइझियानात जॉन कार्मॅक आणि टॉम हॉल या तरुणांनी आपल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स ३’ची पहिली लेव्हल साध्या संगणकावर चालवून दाखविली, पुढे जॉन रोमेरो यांच्यासह त्याचा नमुना आपल्याकडे रीतसर पाठविला, आणि आपण तो नाकारला. त्याच विद्येवर त्यांनी ‘कमांडर कीन’ हा खेळ उभा केला आणि इड सॉफ्टवेअरची स्थापना केली. व्यवसायाच्या दृष्टीने आपला निर्णय सयुक्तिक असेल. परंतु त्या नमुन्याची प्रत आज न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरच्या स्ट्राँग संग्रहालयात ऐतिहासिक वस्तू म्हणून जतन केलेली आहे.

कायद्याची बाजूही मी डोळ्याआड करीत नाही. कार्ट्रिज आणि यंत्र यांच्यामध्ये बसून खेळातील आकडे तात्पुरते बदलणाऱ्या ‘गेम जिनी’संबंधीच्या दाव्यात १९९२ साली अमेरिकी अपील न्यायालयाने आपल्या विरुद्ध निकाल दिला, हे खरे, पण त्याच न्यायालयाने १९९८ साली ‘ड्यूक न्यूकेम’ या खेळाच्या लेव्हल गोळा करून विकणाऱ्यास दोषी धरले, आणि त्या लेव्हलींतही मूळ चित्रे नव्हती, केवळ चित्रांचे निर्देश होते. आपल्या देशात तर २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘तोकिमेकी मेमोरियल’ या खेळाच्या खटल्यात कृतीची अखंडता राखण्याचा कर्त्याचा हक्क उचलून धरला. तेव्हा पॅच रचणाऱ्यांचा हा निर्विवाद हक्क आहे असे मी म्हणत नाही. हक्क असता तर सनद मागण्याचे प्रयोजनच उरले नसते. तसेच २०१६ च्या ऑगस्टमध्ये अर्जेंटिनातील एका व्यक्तीने अनेक वर्षे खपून तयार केलेली आपल्या ‘मेट्रॉइड २’ या खेळाची नवनिर्मिती प्रसिद्ध होताच आपण थांबविली, तिचीही मी वकिली करीत नाही, कारण ती मूळ खेळाची गरज न ठेवणारी स्वयंपूर्ण वस्तू होती आणि पुढच्याच वर्षी आपली स्वतःची आवृत्ती यायची होती. माझी विनंती फक्त पॅचपुरती आहे.

आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याने, सेगाने, याहून फार पुढे पाऊल टाकले. त्यांच्या सॉनिक या खेळाच्या चाहत्यांतून वर आलेल्या ऑस्ट्रेलियातील क्रिस्चियन व्हाइटहेड यांच्या हाती त्यांनी आधी २०११ ची ‘सॉनिक सीडी’ दिली आणि मग २०१७ साली ‘सॉनिक मेनिया’. तो खेळ रचणारे बहुतेक सारे एकेकाळी अशाच घरगुती फेरफारांत रमलेले होते. २०१६ साली मेगा ड्राइव्ह या आपल्या जुन्या यंत्राच्या खेळांच्या संगणकावरील संचात चाहत्यांनी केलेले फेरफार उघडपणे ठेवण्याची सोयही सेगाने करून दिली. तो संच २०२४ च्या डिसेंबरात विक्रीतून काढला गेला, याचे मला मनापासून दुःख वाटते. पण ती सोय चालू होती तेवढ्या वर्षांत सॉनिकचे नाव बुडाले नाही.

आपणही ‘सुपर मारिओ मेकर’ काढून लेव्हल रचण्याची हौस जगाला लावली, याबद्दल कृतज्ञता व्यक्त केल्यावाचून पुढे जाता येत नाही. परंतु २०१५ च्या त्या खेळात लेव्हल चढविण्याची सोय ३१ मार्च २०२१ रोजी बंद झाली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये तो ज्या यंत्रावर चाले त्याची आंतरजालसेवाच संपली. लोकांनी ज्या लेव्हल तेथे विश्वासाने ठेवल्या त्या आता नव्या खेळाडूला उतरवून घेता येत नाहीत. याउलट २००७ सालचा पॅच आजही लागतो, कारण तो कोणाच्या दप्तरावर अवलंबून नाही. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली दाखवून दिले की २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. टीकाकारांच्या हाती मूळ ग्रंथ रीतसर पडावा अशी व्यवस्था मालकाने केली नाही, तर ते तो अन्य मार्गाने मिळवू लागतात. हा दोष सर्वस्वी त्यांच्या माथी मारता येणार नाही.

सबब तजवीज अशी करावी. २०१८ च्या नोव्हेंबरात आपण आपल्या खेळांची चित्रफीत दाखविणाऱ्यांसाठी एक जाहीर नियमपत्र काढले. तत्पूर्वी त्यांचीही स्थिती अशीच अनिश्चित होती, आणि त्या एका पत्राने ती निवळली. तसेच नियमपत्र पॅचसाठी काढावे. ज्या यंत्रांचे उत्पादन बंद झाले आहे त्यांच्या खेळांपुरते ते असावे. पॅच विनामूल्य असावा, मूळ प्रतीशिवाय लागू न पडणारा असावा, आणि तो निंटेंडोची कृती नाही हे त्याच्या पहिल्याच पडद्यावर लिहिलेले असावे. त्याबरोबरच त्या जुन्या खेळांच्या मूळ प्रती, मासिक वर्गणीच्या काळापुरत्या नव्हे तर कायमच्या मालकीच्या, रास्त किमतीस विकत मिळाव्यात, म्हणजे पॅच लावणारा प्रत्येक जण प्रथम आपले गिऱ्हाईक होईल. उजीच्या जुन्या कारखान्यात २०२४ च्या ऑक्टोबरात आपण जे संग्रहालय उघडले, त्यात एखाद्या चाहत्याच्या लेव्हललाही जागा मिळावी असे मला वाटते. परंतु तो मानाचा प्रश्न आहे आणि त्यासाठी मी अडून बसणार नाही. नियमपत्राचा मसुदा मात्र यंदाच हाती घ्यावा, आणि तो जपानीबरोबर इंग्रजीतही प्रसिद्ध करावा, कारण ज्यांना त्याची गरज आहे त्यांतील पुष्कळांना जपानी वाचता येत नाही.

उत्तराची वाट पाहतो. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
एक मराठी खेळाडू