‘प’ पेशव्यांचा नव्हे

नक्षी जितकी दाट तितकी वस्तू जुनी, आणि वस्तू जितकी जुनी तितकी ती पेशव्यांच्या जवळची, असा एक समज आपल्याकडे घरोघर सुखाने नांदत असतो. आमच्या घरातही तो नांदत होता. आजोबांच्या खोलीत एक काळीभोर शिसवी खुर्ची होती. पाठीवर द्राक्षांचे घोस आणि आरपार कोरलेली पाने, हातांच्या टोकांशी सिंहमुखे, पायांना पंजे, वेताने विणलेली बैठक. बैठकीच्या मागच्या पट्टीच्या आतल्या अंगाला पटाशीने ‘प’सारखी एक खूण कोरलेली होती. हा ‘प’ पेशव्यांचा, असे आम्हां मुलांना सांगण्यात आले आणि आम्ही तो पाहुण्यांना अभिमानाने दाखवीत मोठे झालो.

या ‘प’ने आम्हांला पुढे जे शिकवले ते केवळ लाकडापुरते नाही. साहित्याच्या अभ्यासकाला ते आपले वाटेल, म्हणून हा प्रपंच.

पहिली शंका नक्षीवरून नव्हे, आकारावरून यायला हवी होती. पेशवाईतील बैठक ही गादी, लोड, तक्के यांची. सर चार्ल्स मॅलेट यांनी १७९० मध्ये पुण्यात केलेल्या तहाच्या दरबाराचे चित्र थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केले. त्यातही मंडळी खालीच बसलेली आहेत. पेशवाईतील सुताराचे कसब पाहायचे तर ते वाड्यांचे खांब, तुळया, दरवाजे, देव्हारे यांत पाहावे. पुण्याचा विश्रामबागवाडा किंवा केळकर संग्रहालयातील दरवाजे डोळ्यांसमोर आणावेत. उंच पाठीची, हातांची, पंजांच्या पायांची खुर्ची हा त्या घरातला मूळचा रहिवासी नव्हे.

मग ती कुठली? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईत शिसवी फर्निचरचा मोठा व्यवसाय उभा राहिला. इंग्रज अधिकारी आणि सधन पारशी हे त्याचे गिऱ्हाईक. आकार युरोपीय, बहुधा अठराव्या शतकातील फ्रेंच वळणाचे इंग्लंडात पुनरुज्जीवित झालेले, आणि नक्षी इथल्या हाताची: पाने, वेली, मोर, पोपट. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातही मुंबईचे हे काम मांडले गेले होते. हेच युरोपीय आकार आधी गोव्यात वेगळ्या रीतीने रुजले होते. सतराव्या शतकातील गोव्याच्या खणांच्या कपाटांना नागिणींच्या किंवा जलपऱ्यांच्या आकाराचे पाय असत, आणि सागवानावर गडद लाकडाची जडणकारी असे. म्हणजे ‘भारतीय’ किंवा ‘युरोपीय’ एवढे म्हणून काहीच ठरत नाही. आकार एका गावचा, नक्षी दुसऱ्या गावची आणि गिऱ्हाईक तिसऱ्याच गावचे असू शकते. नमुन्यांची पुस्तके जहाजातून येत होती आणि सुतार त्यांतून हवे ते उचलीत होते. नक्षी ही भाषेतील उसन्या शब्दासारखी असते. ती प्रवास करते. तिच्यावरून वस्तूचे गाव आणि वय ठरवू पाहणे म्हणजे दोन फारसी शब्द दिसले म्हणून बखर इराणात लिहिली गेली असे म्हणण्यासारखे आहे.

म्हणून जाणकार आधी खुर्ची उलटी करतो. जिथे कोणी मिरवायला काही कोरलेले नसते, तिथे वस्तू खरे बोलते. हातकरवतीच्या खुणा सरळ आणि थोड्या असमान असतात, तर यंत्राच्या गोल करवतीच्या खुणा कमानदार. जुने हाती घडवलेले स्क्रू बोथट टोकाचे असतात आणि त्यांची खाच बहुधा मधोमध नसते. अणकुचीदार टोकाचे यंत्रनिर्मित स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रचारात आले. बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्डने त्यासाठीची अमेरिकन यंत्रे १८५४ मध्ये मिळवली. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने अधिक आकसते, त्यामुळे जुन्या गोल टेबलाचा माथा मोजला तर किंचित लांबट भरतो. झीज हाताच्या आणि टाचेच्या जागी असावी; सर्वत्र सारखी असेल तर ती कोणीतरी ‘केलेली’ आहे. प्रयोगशाळेचाही इथे फारसा उपयोग नाही. कार्बनमापनाला १६५० नंतरची शतके एकमेकांपासून नीट वेगळी करता येत नाहीत, आणि लाकडाचे वय म्हणजे खुर्चीचे वय नव्हे. जुन्या तुळईतून नवी खुर्ची सहज निघते.

पाठचिकित्सा शिकणाऱ्याला ही रीत अनोळखी वाटू नये. पोथीचा काळ तिच्यातील सर्वांत जुन्या शब्दावरून ठरत नाही. मूळ संहितेतील सर्वांत उशिराची गोष्ट तिची वरची मर्यादा आखते. अर्थात ती गोष्ट मूळची आहे की मागाहून घुसलेली, हे आधी पाहावे लागते. खुर्चीतला एखादा नवा स्क्रू हा दुरुस्तीचा प्रक्षेप असू शकतो. पण सर्व सांध्यांत एकाच जातीचे स्क्रू असतील आणि त्यांच्या भोवती जुन्या भोकांचा मागमूस नसेल, तर तो प्रक्षेप नव्हे, ती संहिता आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली. त्या वादात अभ्यासकांनी जे प्रश्न विचारले, तेच इथे विचारायचे असतात.

आमची खुर्ची उलटी झाली ती आजोबा गेल्यानंतर, वाटणीच्या वेळी. सर्व सांध्यांत अणकुचीदार स्क्रू, जुने भोक एकही नाही. पेशवाई १८१८ मध्ये संपली होती. राहता राहिला ‘प’. थोरल्या काकांकडे तशीच दुसरी खुर्ची होती. तिच्या त्याच पट्टीवर ‘३’ होता. तेव्हा उलगडले की आमचा ‘प’ हे अक्षरच नव्हते. गुजराती लिपीत पाचाचा आकडा ‘प’सारखा दिसतो. संचातील सुटे भाग आपापल्या खुर्चीला बसावेत म्हणून कुणा गुजराती सुताराने घातलेला तो क्रमांक होता. निदान पाच खुर्च्यांचा संच असला पाहिजे. तीन कुठे गेल्या कोण जाणे.

घरात त्या दिवशी सुतक पडल्यासारखे झाले. आत्या म्हणाल्या, “हे सांगायलाच हवं होतं का?” त्यांचा प्रश्न आम्ही अजून हलका मानीत नाही. पुढे काकांच्या घरच्यांनी त्यांची खुर्ची एका विक्रेत्याकडे दिली. त्याने जुने चपड्याचे पॉलिश खरवडले, स्क्रू बदलले, पट्टीवर रंधा फिरवला आणि ‘पेशवेकालीन’ अशी चिठ्ठी लावली. ‘३’ गेला. आता त्या खुर्चीविषयी कोणीही काहीही म्हणू शकतो.

आमचे म्हणणे एवढेच, की खोटी थोरवी निरुपद्रवी नसते. ती टिकवण्यासाठी खरा पुरावा पुसावा लागतो. शंभर वर्षांवरील वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावशेष ठरते, तिची निर्यात खाजगी व्यक्तीला करता येत नाही. पण घरातल्या घरात फिरणाऱ्या रंध्याला कायदा कसा अडवणार? ‘प’ पेशव्यांचा मानण्यात आम्ही एक सरदार कमावला होता, पण एक माणूस गमावला होता: मुंबईत बसून, साहेबाच्या पुस्तकातले द्राक्षाचे घोस शिसवीत उतरवणारा आणि काम उरकल्यावर, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, आपल्या लिपीत पाच लिहिणारा. त्याचे नाव कळण्याची आशा नाही. त्याचा आकडा मात्र आमच्याकडे आहे, आणि त्या पट्टीला आम्ही पॉलिश लावू दिलेले नाही.